पेसा मोडायचं ठरलं

टपिओला, मिशिगन
६ सप्टेंबर १९९८

प्रिय आयली,

फोन करू नकोस म्हणून दर वेळी लिहिते, तरी तू करतेसच. अगं, कानाला यंत्र लावलं तरी फोनवर तुझं बोलणं म्हणजे डब्यात वाटाणे खुळखुळवल्यासारखं ऐकू येतं. आई दर रविवारी आपल्या दोघींना टेबलाशी बसवून फिनलंडच्या मावशीला पत्र लिहायला लावायची ना, तीच सवय बरी.

इथे बर्चची पानं पिवळी पडायला लागली. बटाटे काढून तळघरात ठेवले. आणि काल डेल आला होता. माझ्या लेकाने आधी माशाचं सूप पोटभर ओरपलं, मग तोंड पुसून विषय काढला. "आई, हॅनकॉकला म्हाताऱ्यांसाठी छान खोल्या झाल्यात. लिफ्ट आहे. खिडकीतून पूल दिसतो." मी म्हटलं, पूल मी पाहिलाय.

त्याचंही अगदीच चूक नाही. मागच्या जानेवारीत वीज गेली तेव्हा तो धावत आला, तर मी धडधडत्या विस्तवापुढे ओव्हरकोट, टोपी आणि ताउनोचे हातमोजे घालून बसलेली! घर तापवणारी तेलाची भट्टी वीज गेली की मान टाकते, आणि आपल्याकडे बर्फ पडला की वीज जातेच. उरली ती ताउनोची फायरप्लेस. पुढून भाजते, मागून गोठवते. आईच्या चुलीचा पेसा आठवतो? विस्तवाची जागा केवढीशी, पण सगळं घर उबदार. हिचा पेसा म्हणजे राक्षस आहे. दिवसभर लाकडं आणून आणून माझे खांदे गेले, आणि ऊब जाते वर, कावळ्यांना.

शेवटी डेल म्हणाला, "नाताळपर्यंत बघू. एकटीने घर गरम ठेवता आलं नाही, तर नाताळनंतर सामान बांधायचं." मी "बरं" म्हणाले. रागात म्हणाले, पण म्हणाले. आता शब्द दिलाय. लग्न होऊन ज्या घरात आले, ताउनोला ज्या घरातून पोचवलं, ते कसं सोडू, आयली? मला जायचं नाही.

आणि हो, या खेपेला तुझ्या पत्राखाली तुझ्या नवऱ्याची, आर्वोची ओळ नव्हती. तुझं पानभर पुराण मी वाचते ते त्या एका ओळीसाठी, हे त्याला सांग.

तुझी,
सायमा


लेक वर्थ, फ्लोरिडा
१५ सप्टेंबर

प्रिय सायमा,

पुराण म्हणे! बरं बाई, थोडक्यात लिहिते. हॅनकॉक नको, इकडे ये. इथे ओव्हरकोट लागत नाही, लाकडं लागत नाहीत, खांदे लागत नाहीत. मागची खोली रिकामीच आहे. आपल्या फिनिश लोकांच्या हॉलमध्ये दर बुधवारी कॉफी असते, सगळी आपलीच माणसं, निम्मी तर आपल्या चर्चमधली. वेलचीचा पाव मीच करते, आणि लोक म्हणतात तुझ्यापेक्षा बरा होतो. (हे खरंच म्हणतात.)

एवढी हट्टी कशी गं तू? थंडी पडली की पाखरंसुद्धा पेसा सोडून इकडे येतात. त्यांना कुणी म्हणत नाही की शब्द मोडला.

आर्वो ठणठणीत आहे. दिवसभर अंगणात असतो, वाऱ्याने पडलेल्या झावळ्या गोळा करतो. बोटं जरा आखडलीत, म्हणून ओळ नाही.

तुझी,
आयली


(पोस्टकार्ड)
टपिओला, ९ ऑक्टोबर

आयली, घाईत लिहिते. पेसा मोडायचं ठरलं. डेलला सांगितलं, तो म्हणाला, "देवाची कृपा, उशिरा का होईना." सोमवारपासून माणसं येतायत. ताउनोचे दगड तेवढे मी ठेवून घेणार, बाकी सगळं जाऊ दे. काल खूप रडले, आज बरी आहे. सविस्तर मागाहून. सायमा


लेक वर्थ, १६ ऑक्टोबर

माझी लाडकी सायमा,

कार्ड वाचलं आणि स्वयंपाकघरातल्या स्वयंपाकघरात नाचले! रडलीस ते साहजिक आहे गं. एवढ्या वर्षांचं घर मोडायचं म्हणजे काय गंमत आहे? पण सुटलीस. मी त्याच दिवशी कॉट घेतली, चांगली रुंद, लाकडी. मागची खोली पिवळी रंगवून घेतली. हॉलमध्ये सगळ्यांना सांगून टाकलं. पास्टरांच्या बायकोने तर तुझं नाव कॉफीच्या पाळीत लिहूनही ठेवलं. ताउनोचे दगड कशाला हवेत ते मला कळलं नाही, पण आण, बागेत ठेवू. विमानवाले किती वजन घेऊ देतात ते मात्र विचार.

डेलला म्हणावं, पहिल्यांदा शहाण्यासारखा वागलास.

सायमा, तू येणार म्हटल्यावर मला किती हलकं वाटतंय ते तुला कळायचं नाही. घरात दोन डोळे जास्त झाले की मलाही जरा पाठ टेकता येईल. कधी निघतेस ते लगेच कळव.

तुझी,
आयली


टपिओला, २५ ऑक्टोबर

अगं माझ्या बाई,

कसली कॉट? कसलं विमान? पेसा म्हणजे चुलीचा पेसा गं, पाखराचा नव्हे! फायरप्लेस मोडायचं ठरलं! तुझं पत्र वाचून मी आधी कपाळावर हात मारला आणि मग इतकी हसले की वरून धुराडंवाली वेंडी ओरडली, "काय झालं?" तिला कसं समजावणार? ती कॉर्निश, इंग्लंडकडच्या खाणकामगारांची नात. घरटं आणि विस्तवाची जागा दोन्हींना एकच शब्द असलेली माणसं तिने बापजन्मात पाहिली नाहीत. आईने आपल्याला एक फिनिश शब्द दिला, तू त्यातलं घरटं घेऊन फ्लोरिडाला गेलीस आणि मी चूल धरून इथे बसले.

आता सविस्तर सांगते. वेंडी ट्रेवारो धुराडं साफ करायला आली. उंच, लाल केसांची, अखंड बडबडी पोर. वर चढली आणि धुराड्याशी खुडबुड करत बसली. खाली आली तेव्हा तिच्या हातात काळं पडलेलं, करपलेलं काहीतरी होतं. मी ओळखलं. माझ्या हातचे लोकरी मोजे होते ते, आयली. ताउनोचे जुने.

ती फायरप्लेस खोक्यातून आलेली, हे मी विसरलेच होते. ताउनो आणि आर्वोने ऑटर तळ्यावरून दगड आणून पुढून लावले, ताउनोने हट्टाने मोठमोठे एकट्याने उचलले आणि आठवडाभर कंबर धरून बसला, आठवतं? दगडांमुळे आपल्याला वाटायचं, केवढी भक्कम. आत सगळा पत्रा. बाहेरचं ते जाडजूड धुराडं म्हणजेसुद्धा फळ्यांची पेटी आणि मध्ये पत्र्याची नळी. बडा घर पोकळ वासा! त्या नळीभोवती हवा खेळायला फट ठेवलेली असते, नळी थंड राहावी म्हणून. त्या फटीतून गार वारा आत यायचा. मी एकदा म्हटलं असेन की पायांना गार लागतंय. मग ताउनोने काय केलं असेल? आपले बाप लाकडी भिंतीच्या फटीत शेवाळ आणि लोकर ठासायचे, तसे त्याने माझे मोजे त्या फटीत ठासले. पाचर मारून, नीट, एकही फट न ठेवता. आपल्या माणसांना फट दिसली की बुजवल्याशिवाय चैन पडतं का?

नळी तापत राहिली. शेजारचा वासा कोळशासारखा काळा झालाय. मी बोट लावलं तर भुगा हातात आला. इतके हिवाळे मी त्याच्यापुढे बसून विणत होते, आणि भिंतीच्या आत हे. माझे पाय गार पडू नयेत म्हणून त्याने केलं गं. त्या रात्री रडले ती भीतीने नाही, त्याच्यासाठी.

मी वेंडीला विचारलं, त्याच खाचेत नवी लोखंडी शेगडी बसवता येईल का? म्हणाली, "सायमा, पत्र्याच्या डब्यात शेगडी? त्यापेक्षा घराला सरळ काडी लावा, वेळ वाचेल." म्हणून सगळं काढायचं. तळघरापासून काँक्रीटचा पाया घालायचा आणि त्यावर विटांची भरीव चूल रचायची. आत धूर वर-खाली फिरतो आणि विटांना ऊब देऊनच बाहेर पडतो. सकाळी एकदा कवळीभर लाकडं खडखडून जाळायची, निखारे विझले की धुराड्याची झडप लावायची, विटा दिवसभर गरम. फिनलंडच्या मावशीकडे होती म्हणे तशी. सध्या बैठकीला भोक आहे, त्यावर ताडपत्री आहे, आणि वेंडी पास्टीवर, म्हणजे त्या खिमा-बटाट्याच्या भल्यामोठ्या करंजीवर, केचप घालायचं की ग्रेव्ही यावरून माझ्याशी रोज भांडते. नाताळच्या आत होईल म्हणते. झालं पाहिजे. माझा शब्द तिच्या विटांवर अडकलाय.

आता तू सांग. "दोन डोळे जास्त" म्हणजे काय? तुला पाठ का टेकता येत नाही? आणि आर्वोची ओळ याही खेपेला नव्हती. आखडलेल्या बोटांनीसुद्धा माणूस नाव लिहितो.

तुझी,
सायमा


लेक वर्थ, १२ नोव्हेंबर

प्रिय सायमा,

तुझी चूल तुला लखलाभ. कॉट दुकानदार परत घेत नाही. पास्टरांच्या बायकोला मी सांगितलं की माझी बहीण पाखरू नाही, वीट आहे.

घर जळलं नाही, हे देवाचे उपकार. ताउनोला काय म्हणू? भला माणूस होता.

इकडे सगळं ठीक आहे.

आयली


टपिओला, ६ डिसेंबर

प्रिय आयली,

रागावलीस ना? "इकडे सगळं ठीक आहे" असं तू लहानपणीही म्हणायचीस, पाठीमागे फुटलेली बशी धरून.

चूल झाली! पहिले काही दिवस वेंडीने नुसत्या काटक्या जाळायला लावल्या. ओल निघायला हवी, नाहीतर विटा तडकतात म्हणे. लहान बाळाला पेज भरवावी तशी भरवत होते. ताउनोचे दगड वेंडीने पुढच्या अंगाला लावलेत आणि बाजूला एक बाकही केलाय, दोघं ऐसपैस बसतील एवढा. माझं एकटीचं ढुंगण ते केवढं, पण ती म्हणाली, दगड उरतायत, वाया कशाला घालवू?

गेल्या आठवड्यात तळ्यावरून वादळ आलं. खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फ, वीज गुल. दुसऱ्या दिवशी डेल कसाबसा पोचला. दार ढकललं तर मी बाह्या सरसावून तांदळाची खीर ढवळतेय. तो कोट काढून बाकावर बसला, स्वेटर काढला, पाठ दगडांना टेकली आणि बसल्या बसल्या घोरायला लागला. मला वाटलं, जिंकले!

उठला, खीर खाल्ली, आणि हळूच म्हणाला, "आई, चूल झकास आहे. तू शब्द पाळलास. पण तळघराच्या जिन्यावरून पडलीस, तर चूल तुला उचलणार आहे का? आज रस्ता साफ व्हायला अख्खा दिवस लागला." तावातावाने बोलला असता तर मी दोन शब्द ऐकवले असते. पण त्याचे डोळे भरले होते. ऊब पुरेशी आहे, माणूस नाही.

म्हणून मी हो म्हटलं आहे. नाताळ इथे करते, मग हॅनकॉक. चुलीची ऊब कुणा परक्याच्या पाठीला मिळेल. मिळू दे. पण मनातून मी मोडले आहे, तुझ्यापाशी कशाला लपवू? मी लपवत नाही, तर तूही लपवू नकोस. आर्वोला काय झालंय?

तुझी,
सायमा


लेक वर्थ, १४ डिसेंबर

सायमा,

फुटलेली बशी काढते मग.

आर्वो विसरतो. आधी चष्मा, मग रस्ते, आता दिवस. डॉक्टर म्हणाले, वाढत जाईल. वर्ष होत आलं. मी हॉलमध्येही कुणाला सांगितलं नाही. बुधवारी कॉफीला मी जातच नाही, कधीपासून. ते पावाचं कौतुक जुनं आहे.

झावळ्यांचं लिहिलं होतं ना? तो अंगण साफ करत नाही, रानातून सरपण आणावं तशा त्या घरात आणतो. हातभर तुकडे करून टीव्हीशेजारी रचतो. अशा सुबक रचतो, सायमा, की मोडायला हात धजत नाही. मग घरभर फिरतो आणि मला विचारतो, "चूल कुठे गेली?" मी म्हणते, आर्वो, हे फ्लोरिडा आहे, इथे चूल नसते. तो म्हणतो, "चुलीशिवाय कुणी घर बांधतं का?" दर संध्याकाळी हेच. मागच्या महिन्यात घामाने निथळत लाकडं शोधायला निघाला, तो पोलिसांनी हायवेवरून आणला. तेव्हापासून मी दाराशी खुर्ची लावून झोपते.

तुला इकडे ये म्हणत होते, ते तुझ्या खांद्यांसाठी नव्हतं. मला एकटीला झेपत नाही. तुझं कार्ड वाचून नाचले ते त्यामुळे. मोठ्या बहिणीपाशी सरळ मागायला जीभ रेटली नाही.

आता तू हॅनकॉकला जाणार. आणि मी इथे.

आयली


टपिओला, २० डिसेंबर

आयली, वेडे,

एकदा सरळ मागितलं असतंस तर! पण मी तरी कुठे मागितलं? आपण दोघी एकाच आईच्या.

नीट वाच. मागची खोली रिकामी आहे. तिला चुलीची पाठ लागून आहे, भिंत रात्रभर कोमट असते. बाक दोघांचा आहे, तिघं दाटीवाटीने बसतील. चुलीच्या दाराला भक्कम खिटी आहे, सकाळी पेटवताना मी शेजारी असेन, आणि उरलेला दिवस आत विस्तवच नसतो, नुसत्या गरम विटा. त्याला भाजणार नाही. बाहेर बर्चची लाकडं डेलने ढीग करून टाकली आहेत, वेडीवाकडी, लाज वाटेल अशी. रचायला कुणीतरी जाणता हवा. आर्वोला चूल हवी ना? इथे आहे. तुला माणूस हवं, मी आहे. मला जिन्यावरून उचलायला कुणीतरी हवं, तू चांगली धट्टीकट्टी आहेस, पाव खाऊन खाऊन.

तो तिथल्यासारखाच इथेही विसरेल, मला ठाऊक आहे. चुलीने डोकं बरं होत नाही. पण संध्याकाळी त्याने "चूल कुठाय" विचारलं की आपण बोट दाखवू.

डेलला सांगितलं. तो म्हणाला, "एकीची काळजी होती, आता तिघांची करू?" मी म्हटलं, हो. मग म्हणाला, "बरं, मी हॅनकॉकच्या खोलीला नाही म्हणून कळवतो." आणि तुम्हा दोघांना आणायला विमानतळावर येईन म्हणाला. कॉट तिथेच ठेव.

पेसा तयार आहे. या वेळी तुला हवा तो अर्थ लाव.

सायमा


लेक वर्थ, ४ जानेवारी १९९९

प्रिय सायमा,

पुढच्या शनिवारी येतो. घर भाड्याने दिलं, कॉट पास्टरांच्या बायकोला दिली आणि खरं काय तेही तिला सांगितलं. तिने मला जवळ घेतलं. मी उगाच वर्षभर दार लावून बसले होते.

तुझं पत्र मी आर्वोला मोठ्याने वाचून दाखवलं, कळेल न कळेल म्हणून दोनदा. चुलीपाशी आले, दगडांपाशी आले, तेव्हा तो सरळ होऊन बसला. मग हात पुढे करून पेन मागितलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. त्याने लिहिलंय ते मी खोडलं नाही. तूही त्याला काही सांगू नकोस. नुसतं हो म्हण.

तुझी,
आयली

ताउनोला सांग, दगड एकट्याने उचलू नकोस. मी येतोय. — आर्वो